मॅमोग्रामनंतरचा दुसरा प्रश्न

संयुक्त अरब अमिरातीत स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत जास्त आहे, आणि तो लवकर सापडावा यासाठी त्या देशाने गेल्या काही वर्षांत मनापासून प्रयत्न केले आहेत. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करून घ्यावा, असे तिथल्या आरोग्यखात्यांचे सांगणे आहे. शारजाच्या ‘फ्रेंड्स ऑफ कॅन्सर पेशंट्स’ या संस्थेने २०११ मध्ये ‘पिंक कॅराव्हॅन’ सुरू केली. गुलाबी पोशाखातले घोडेस्वार सातही अमिरातींतून फिरतात, त्यांच्यासोबत फिरती तपासणी केंद्रे असतात आणि मोफत तपासणी होते. दुबईतल्या ‘बस्मा’ योजनेमुळे सर्वांत साधा आरोग्यविमा असलेल्या कामगारालाही स्तनाच्या कर्करोगाचे उपचार मिळू शकतात. या सगळ्यामुळे पहिला प्रश्न, म्हणजे ‘मॅमोग्राम केला का?’, आता घराघरांत विचारला जातो. तिथे राहणाऱ्या लाखो भारतीयांतल्या मराठी कुटुंबांतही तो विचारला जातो. माझे म्हणणे त्याच्या पुढच्या प्रश्नाविषयी आहे. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले आहे, पण या स्तनात मॅमोग्रामला नीट दिसत तरी होते का? ज्या स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘फारसे नाही’ असे येते, त्यांच्यासाठी दुसरी तपासणी हवी, आणि त्या दुसऱ्या तपासणीच्या पर्यायांत मॉलिक्युलर इमेजिंगला मानाची, पण मोजूनमापून दिलेली जागा हवी.

मॅमोग्राम म्हणजे कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी काढलेले स्तनाचे चित्र. क्ष-किरण चरबीतून सहज पार होतात, म्हणून चरबी चित्रात काळपट दिसते. दूधग्रंथी आणि त्यांना आधार देणाऱ्या तंतुमय ऊती किरण अडवतात, म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. अडचण अशी, की कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. ज्या स्तनात चरबी जास्त त्यात ती गाठ काळ्यावर पांढरी उठून दिसते, पण जिथे ग्रंथी आणि तंतू दाट असतात तिथे ती हरवते. हिवाळ्याच्या पहाटे अबुधाबी-दुबई महामार्गावर दाट धुके उतरते तेव्हा पुढची पांढरी गाडी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, तशीच ही अवस्था. तज्ज्ञ स्तनाच्या दाटपणाचे चार वर्ग करतात. चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या स्त्रिया वरच्या दोन दाट वर्गांत येतात असे अमेरिकेतल्या नोंदी सांगतात. हा दाटपणा हाताला कळत नाही. स्तन घट्ट की सैल, लहान की मोठा, यावरून त्याचा अंदाज येत नाही. तो फक्त मॅमोग्रामवरच कळतो. वय वाढते तसा तो सहसा कमी होतो, तरुण वयात जास्त असतो. आणि दाटपणामुळे गाठ लपते एवढेच नाही, तर अतिशय दाट स्तनांत कर्करोग होण्याची शक्यताही काहीशी जास्त असते. म्हणजे ज्या स्त्रीला नीट पाहण्याची गरज अधिक, तिच्याच बाबतीत हे यंत्र कमी पडते.

आखाती देशांसाठी आणि आपल्यासाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, आणि त्याचे कारण वय. भारतात आणि अरब देशांत स्तनाच्या कर्करोगाचे निदान होणाऱ्या स्त्रिया युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षांनी तरुण असतात. याचा एक भाग लोकसंख्येतच तरुणांचा भरणा जास्त असण्याचा आहे. अमिरातीत तर कामासाठी आलेल्यांचा समाज आहे, आणि साठीपुढची माणसे बहुतेक मायदेशी परतलेली असतात. त्यामुळे तिथल्या तपासणी केंद्रात चाळीस ते पंचेचाळीस वयाच्या स्त्रियांचे प्रमाण मोठे राहणार, आणि याच वयात दाट स्तन सर्रास आढळतात. पाश्चात्त्य देशांत पन्नाशी-साठीच्या स्त्रियांसाठी घडवलेली पद्धत जशीच्या तशी उचलून इथे लावली, तर तिची उणी बाजू इथे जास्त जाणवेल.

मॉलिक्युलर इमेजिंग नेमका इथे वेगळा मार्ग घेते. मॅमोग्राम ऊतींचा आकार आणि घनता पाहतो, तर हा स्कॅन पेशींचे चाललेले काम पाहतो. दंडातल्या शिरेतून सेस्टामिबी नावाच्या औषधाची छोटी मात्रा दिली जाते. त्याला टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. हे औषध रक्तातून पेशींत शिरते आणि पेशींची ऊर्जाकेंद्रे असलेल्या मायटोकॉन्ड्रियात साठते. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींना ऊर्जा जास्त लागते आणि त्यांच्याकडे रक्तपुरवठाही जास्त असतो. त्यामुळे तिथे औषध जास्त जमते, आणि तिथून निघणारे गॅमा किरण कॅमेऱ्यात ठळक ठिपक्यासारखे उमटतात. दाट ग्रंथी या किरणांना फारशा आड येत नाहीत. गंमत म्हणजे हे औषध मुळात हृदयासाठी आले. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट मिळते का हे पाहण्यासाठी ते १९९० पासून वापरले जाऊ लागले, आणि हृदयाच्या चित्रांत स्तनातल्या गाठीही उजळलेल्या दिसू लागल्या. सुरुवातीचे मोठे गॅमा कॅमेरे सेंटिमीटरभराखालची गाठ पकडू शकत नव्हते. पुढे कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाचे छोटे शोधक आले. दोन शोधकांच्या मध्ये स्तन हलकेच धरायचा आणि जवळून चित्र घ्यायचे, अशी रचना झाली. मॅमोग्रामइतका दाब लागत नाही. प्रत्येक चित्राला सुमारे दहा मिनिटे, म्हणजे दोन्ही स्तनांची चार चित्रे मिळून साधारण चाळीस मिनिटे लागतात.

पद्धत सुंदर आहे म्हणून ती उपयोगी ठरत नाही, त्यासाठी आकडे हवेत. सर्वांत लक्षणीय काम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेबोरा ऱ्होड्स, मायकल ओ’कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०१५ मध्ये त्यांनी दाट स्तन असलेल्या १,५८५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांना कोणतेही लक्षण नव्हते. त्यांच्यापैकी २१ जणींना कर्करोग निघाला. एकट्या मॅमोग्रामने त्यातल्या ५ जणींचा रोग पकडला होता, आणि मॉलिक्युलर स्कॅनची जोड दिल्यावर ही संख्या १९ झाली. हजारी हिशेबाने पाहिले तर मॅमोग्रामने ३.२ आणि दोन्हींनी मिळून १२ कर्करोग शोधले. वाढीव सापडलेल्यांत बहुतेक आक्रमक, म्हणजे आजूबाजूच्या ऊतींत पसरू शकणारे होते, आणि म्हणूनच ते लवकर सापडण्याला अर्थ आहे. त्याच वेळी एक तपशील विसरू नये. दोन्ही तपासण्या करूनही सगळे २१ सापडले नाहीत. मॅमोग्रामला कॅल्शियमचे बारीक कण दिसतात, आणि दुधाच्या नलिकांतच असलेला आरंभीचा रोग अनेकदा त्या कणांवरूनच कळतो. मॉलिक्युलर स्कॅनला ते कण दिसत नाहीत. छातीच्या भिंतीला अगदी चिकटलेली किंवा काही मिलिमीटरचीच गाठ त्याच्याकडूनही सुटू शकते. म्हणून ‘पूरक’ हा दर्जाच त्याला शोभतो. मॅमोग्राम सोडून हा स्कॅन करावा, असे सांगणारा कोणीही त्या स्त्रीचे नुकसान करतो.

पहिला आक्षेप किरणोत्साराचा आहे, आणि तो अजिबात फुटकळ नाही. २०१० मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हेन्ड्रिक यांनी हिशेब मांडून दाखवले की त्या काळी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांमुळे अशा एका स्कॅनने होणारी घातक कर्करोगाची जोखीम डिजिटल मॅमोग्रामच्या वीस-तीस पट होती. शिवाय मॅमोग्रामचे किरण फक्त स्तनाला लागतात, इथे मात्र औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरते आणि मोठ्या आतड्यालाही त्याचा भाग मिळतो. निरोगी स्त्रियांच्या तपासणीत अशी जोखीम खपवून घेता येत नाही, हे मत योग्यच होते. त्या टीकेला उत्तर यंत्राच्या सुधारणेने मिळाले. नव्या शोधकांमुळे मात्रा सुमारे ३०० मेगाबेक्वेरेलपर्यंत खाली आली, आणि मेयोचा १,५८५ स्त्रियांचा अभ्यास याच कमी मात्रेवर झाला. या मात्रेतून शरीराला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षभरात सरासरी जवळपास तेवढाच नैसर्गिकरीत्या मिळत असतो. मॅमोग्रामचा आकडा साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे फरक अजूनही चार-पाच पटींचा राहतो. यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. हा स्कॅन सरसकट सगळ्यांना, दरवर्षी देण्यासारखा नाही. मॅमोग्राम जिच्या बाबतीत अपुरा आहे तिला काही कालांतराने दिला, तर फायद्याचे पारडे जड होते. आणि जिथे जुनी यंत्रे आणि जुन्या मात्रा अजून चालू असतील, तिथे ‘मात्रा किती देणार?’ हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

दुसरा आक्षेप खोट्या घंटेचा. मेयोच्या त्याच अभ्यासात पुन्हा बोलावल्या गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून १७.६ टक्क्यांवर गेले, आणि बायोप्सीचे प्रमाण १.३ वरून ४.२ टक्क्यांवर. प्रत्येक बायोप्सीमागे सुई असते, खर्च असतो, आणि निकाल येईपर्यंतच्या रात्री असतात. पण एक आकडा याच्या शेजारी ठेवून पाहायला हवा. ज्यांची बायोप्सी झाली त्यांच्यापैकी खरोखर कर्करोग निघालेल्यांचे प्रमाण मॅमोग्राममध्ये सुमारे २५ टक्के होते, आणि दोन्ही तपासण्या मिळून सुमारे २८ टक्के. बायोप्स्या वाढल्या, पण त्यांचा नेम ढळला नाही. याहून कठीण आक्षेप असा, की जास्त कर्करोग सापडले म्हणजे जास्त जीव वाचले असे होत नाही. काही गाठी आयुष्यभर निरुपद्रवी राहिल्या असत्या आणि त्यांच्यावर उगाच उपचार होतात. हा मुद्दा मला मान्य आहे. मॅमोग्रामने स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात, हे अनेक दशकांच्या मोठ्या चाचण्यांवरून ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये मांडले. मॉलिक्युलर स्कॅनसाठी मृत्यूंवर आधारलेला तसा पुरावा आज हाती नाही. म्हणूनच त्याचा वापर गरजेपुरता, निवडक आणि नोंदी ठेवून व्हावा.

मग एमआरआय किंवा सोनोग्राफी का नको? खरे तर पुष्कळ स्त्रियांसाठी त्याच आधी यायला हव्यात. नेदरलँड्समधल्या ‘डेन्स’ या चाचणीत अतिशय दाट स्तनांच्या ४०,३७३ स्त्रियांचा समावेश होता. मॅमोग्राम नॉर्मल आल्यानंतर एमआरआय केल्यावर दर हजारी १६.५ कर्करोग सापडले, आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग एमआरआयसाठी बोलावलेल्या गटात हजारी ५ वरून २.५ वर आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या ‘ब्रेड’ चाचणीत संक्षिप्त एमआरआयने हजारी १७.४, कॉन्ट्रास्ट दिलेल्या मॅमोग्रामने १९.२ आणि स्वयंचलित सोनोग्राफीने ४.२ कर्करोग शोधले. जपानमधल्या चाळिशीतल्या स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीत मॅमोग्रामला सोनोग्राफीची जोड दिल्यावर रोग पकडण्याची क्षमता ७७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेली. आशियाई आणि चाळिशीतल्या स्त्रियांवर झालेली म्हणून आपल्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. सोनोग्राफीत किरणोत्सार नाही, ती स्वस्त आणि सर्वत्र आहे, मात्र करणाऱ्या हाताच्या कौशल्यावर ती फार अवलंबून असते. एमआरआय सर्वांत तीक्ष्ण, पण महाग. पेसमेकर असलेल्यांना, बंद बोगद्यात गुदमरणाऱ्यांना किंवा मूत्रपिंडे अशक्त असल्यामुळे गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट द्यायचे टाळावे लागते अशांना तो अनेकदा करता येत नाही. आयोडीनचा कॉन्ट्रास्टही सगळ्यांना चालत नाही. मॉलिक्युलर स्कॅनची खरी जागा इथे आहे. मॅमोग्राम अपुरा, धोका सरासरीहून जास्त, आणि एमआरआय शक्य नाही अशा स्त्रीला तो एक खरा पर्याय देतो. कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष असलेल्या स्त्रीने मात्र एमआरआयचाच आग्रह धरावा.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार. ज्या देशात घरकाम करणारी स्त्री अजून एकदाही मॅमोग्रामपर्यंत पोहोचली नसेल, तिथे महागड्या स्कॅनची चर्चा कशासाठी? या प्रश्नाला मुंबईने दिलेले उत्तर जगभर वाचले जाते. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तनांची तपासणी केली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागल्याचे दिसले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीआतल्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. या चाचणीतून दोन धडे मिळतात. तपासणी सगळ्यांपर्यंत नियमित पोहोचली तर साध्या हातांनीही जीव वाचतात, म्हणून विस्तार आधी. आणि पन्नाशीआतल्या स्त्रियांत साध्या साधनांची धार कमी पडते, म्हणून त्यांच्यासाठी अधिक चांगली साधने हवीतच. १ जानेवारी २०२५ पासून अमिरातीच्या उत्तरेकडील भागांतही खासगी नोकरदारांना आणि घरकामगारांना वर्षाला ३२० दिरहॅमपासून मिळणारा आरोग्यविमा बंधनकारक झाला. त्या विम्याच्या आधारे पहिल्या मॅमोग्रामपर्यंत सगळ्या पोहोचल्या, तर दुसऱ्या प्रश्नाला न्याय्य अर्थ येईल. नाही तर पूरक तपासण्या ज्यांच्याकडे चांगला विमा आहे त्यांच्यापुरत्याच राहतील.

अमिरातीत या तंत्राचा पाया आधीपासून आहे. अल ऐनच्या तवाम रुग्णालयाच्या परिसरात किरणोत्सारी द्रव्ये बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनसह मॉलिक्युलर इमेजिंग केंद्र उभे आहे, आणि कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत पेट-सीटी नेहमीचा झाला आहे. किरणोत्सारी द्रव्यांवर २००९ मध्ये स्थापन झालेल्या संघीय अणुनियामक प्राधिकरणाची देखरेख असते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेट स्कॅन हीसुद्धा मॉलिक्युलर इमेजिंगच आहे, पण तिचे काम निदान झाल्यानंतरचे आहे. रोग किती पसरला, उपचार लागू पडतो का, हे ती सांगते. २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओरोएस्ट्राडिओल हे पेटचे औषध तर गाठी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या आहेत का, हेही दाखवते. निरोगी स्त्रीने ‘एकदा सगळे तपासून टाकू’ म्हणून पूर्ण शरीराचा पेट स्कॅन करणे मात्र चुकीचे आहे. किरणोत्सार जास्त, खोटे ठिपके अनेक, आणि लहान गाठ सुटण्याची शक्यताही. टेक्नेशियमचीही एक मर्यादा लक्षात ठेवावी. त्याचे अर्धे आयुष्य सहा तासांचे, आणि तो ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतो त्याचे ६६ तासांचे, म्हणजे साठवून ठेवता येत नाही. हा मॉलिब्डेनम जगातल्या मोजक्या अणुभट्ट्यांतून येतो. २००९-१० मध्ये कॅनडाची चॉक रिव्हर भट्टी बंद पडली तेव्हा जगभरातल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांची अडचण झाली होती. आयातीवर चालणाऱ्या देशाने संपूर्ण तपासणी मोहीम अशा पुरवठ्यावर टांगू नये. निवडक रुग्णांसाठी वापर ठेवण्याचे हेही एक व्यावहारिक कारण आहे.

मग करायचे काय? सर्वांत आधी, प्रत्येक मॅमोग्राम रिपोर्टमध्ये स्तनाचा दाटपणा स्त्रीला समजेल अशा भाषेत सांगितला जावा. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून हे कायद्याने बंधनकारक आहे. जिथे मराठी, मल्याळम, तागालोग आणि उर्दू एकाच प्रतीक्षागृहात ऐकू येतात, त्या अमिरातीत तर हे समजावून सांगणे आणखी जरुरीचे आहे. दुसरे, सुट्टीत पुण्या-मुंबईला तपासणी करून परतणाऱ्या स्त्रियांनी जुन्या मॅमोग्रामची चित्रे सोबत न्यावीत, कारण जुन्याशी तुलना केल्याने अनावश्यक बोलावणी कमी होतात. अबुधाबीची ‘मलाफी’ आणि दुबईची ‘नाबिध’ ही नोंदींची जाळी तिथल्या रुग्णालयांना जोडतात, भारतातल्या रिपोर्टची पिशवी मात्र आपणच वाहावी लागते. तिसरे, दाटपणा, घराण्यातला इतिहास आणि वय एकत्र पाहून डॉक्टरांनी क्रम ठरवावा: मॅमोग्राम सर्वांना, सोनोग्राफी किंवा एमआरआय गरजेनुसार, आणि त्या दोन्ही अपुऱ्या किंवा अशक्य असतील तिथे कमी मात्रेचा मॉलिक्युलर स्कॅन. आणि हाताला गाठ लागत असेल, त्वचा आत ओढली गेली असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर कोणताही नॉर्मल रिपोर्ट पुरेसा मानू नये. ‘मॅमोग्राम केला का?’ या प्रश्नाने हजारो स्त्रिया तपासणीला आल्या. आता प्रत्येकीने डॉक्टरांना विचारावे: ‘माझे स्तन किती दाट आहेत, आणि मॅमोग्रामला जे दिसत नाही ते तुम्ही कशाने पाहणार?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे ही त्या डॉक्टरांची आणि त्यांच्या व्यवस्थेची जबाबदारी आहे.